कोरगावच्या बाळाचे डोळे

गोव्याहून आले म्हटलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला, "समुद्रावर गेला होतात की नाही?" नाही. चार दिवस गोव्यात होते आणि समुद्राकडे तोंडसुद्धा केलं नाही. मी गेले ती पेडणे तालुक्यातल्या कोरगावला, माझ्या आजोळी, आणि तिथून पुढे डिचोली तालुक्यात. ज्यांचा गोवा वाळूपाशी सुरू होतो आणि काजूच्या डब्यापाशी संपतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पण आधीच सांगते, हा हौसेचा प्रवास नव्हता. 

त्याचं कारण माझी नात, लेकीची लेक ओवी. ती जन्मली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या पायांवर फोड उठले. इकडे तिकडे नाही, रांगेत, कुणी बोटाने रेघ ओढावी तसे. मलम लावलं, दोन आठवड्यांत फोड सुकले, आम्ही पेढे वाटले. मागे तपकिरी वळणं राहिली, तर विहीणबाई म्हणाल्या, नक्षी आहे नक्षी. तीन महिन्यांनी सहज म्हणून कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्या बाईंनी झबलं वर केलं, ती वळणं पाहिली आणि विचारलं, "हिचे डोळे तपासलेत?"

तोवर डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. उजवा लेझरने वाचला. रोगाचं नाव इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेन्टाय. मला ते पाठ व्हायला आठवडा लागला आणि आता झोपेतसुद्धा म्हणता येतं. आईकडून येतो, मुलींना होतो. मुलगा असला तर बहुतेक वेळा पोटातच जातो. कातडी आपली आपण बरी होते आणि घर निर्धास्त होतं. तेवढ्यात डोळ्यात आतल्या आत गडबड सुरू झालेली असते. पडद्याच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचतच नाहीत, मग भलत्या जागी नव्या कच्च्या फुटतात, त्या फुटून रक्त होतं आणि पडदा ओढला जातो. तान्ह्या मुलाला दिसत नाही हे कळणार कसं? ते रडतं ते भुकेसाठी.

"तुमच्याकडे आणखी कुणाला?" कातडीच्या डॉक्टरांनी नंतर विचारलं. मी साडी जरा वर घेतली आणि पोटरीवरचे फिकट पट्टे दाखवले. "हे ना? आमच्या आजोळच्या सगळ्या बायकांना आहेत. आणि दातही असेच विरळ," मी हसून म्हणाले. मला त्या पट्ट्यांचा थोडा अभिमानच होता. डॉक्टर हसल्या नाहीत. माझी दोन गरोदरपणं पाचव्या महिन्यातच संपली होती, तेही त्यांनी मी न सांगता ओळखलं.

त्या संध्याकाळी मी आजोळच्या एकेकीला फोन लावत सुटले. शकूबायचा लागला. शकूबाय माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पासष्टीची. तिची उशिरा झालेली मुलगी रेश्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. "चेडू झालां," शकूबाय म्हणाली, म्हणजे मुलगी. "चार आठवडे झाले. पण गो, जल्मल्या जल्मल्या नागीण उठली तेका. औषध लायलां, सुकली आता."

मी मग फोनवर ओरडले, आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या म्हणून. "डोळ्यांक काय झालां तेच्या? टपोरे आसत," म्हणाली आणि फोन ठेवला. मोठ्या बहिणीला फोनवरून हुकूम सोडले की असंच होतं. दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली.

मंगळवार, कोरगाव

आंबोलीचा घाट, सावंतवाडी, बांदा हे सगळं खिडकीबाहेरून गेलं. एरवी मी आंबोलीला उतरून भजी खाल्ल्याशिवाय पुढे जात नाही. या खेपेला पर्समधला ओवीच्या डॉक्टरांचा कागद तेवढा चाचपत बसले. पेडण्याला उतरून रिक्षा केली. बोंडं पिकायचे दिवस होते, कोरगावच्या वाटेवर दोन्ही बाजूंना काजूच्या बागा आणि आंबूस वास. माझ्या आईला हा वास कोल्हापुरात भर उन्हाळ्यात आठवायचा आणि ती उगाच चिडचिड करायची. पंधरा वर्षांनी तो नाकात शिरला आणि मला आईच्या आधी बाळ आठवलं.

"इलंस गो सुमा?" शकूबाय दारातच उभी. गळ्यात पडली, फोनवरचं भांडण जणू झालंच नव्हतं. पाय धुवायला पाणी, मग वाटीभर नीरो. नीरो म्हणजे बोंडांचा ताजा रस, गोड आणि घशाला किंचित ओढणारा. तो पिऊन होईपर्यंत मी दम धरला. मग म्हणाले, "बाळ कुठाय?"

"आत. पण उजेड करूक जावचां नाय हां."

खोलीची एकुलती खिडकी गोणपाट ठोकून बंद केलेली. आत शेगडीची ऊब, ओव्याची धुरी आणि इतका अंधार की पलंगाची कड माझ्या गुडघ्याला लागली तेव्हा पलंग कळला. रेश्मा चोवीस वर्षांची पोर, नुसता आवाज ऐकू आला, "मावशी, हंय बसा." बाळ तिच्या मांडीवर होतं. मी हात फिरवला तर पायांवर मातीचा लेप वाळून पापुद्रे झालेला.

नागिणीची धास्ती आमच्याकडेही आहे. अंगावर फोडांचा पट्टा उठला की तिचं तोंड आणि शेपूट एक व्हायच्या आत औषध करायचं, नाहीतर माणूस जातं, असं कोल्हापुरातही म्हणतात. आम्ही गेरू लावतो. पण इथे त्याच्यावर पथ्य होतं. उजेड लागला की नागीण वाढते, म्हणून चाळीस दिवस अंधार. आणि चाळीस दिवस बाळाने वाहतं पाणी ओलांडायचं नाही.

हे दुसरं ऐकून मी मनातल्या मनात वाट मोजली. कोरगावहून पणजीला जायचं तर कोलवाळला शापोरा नदी आणि पणजीच्या तोंडाशी मांडवी. डोळ्याच्या पडद्याची डॉक्टर पणजीला. अलीकडे पेडण्यात कोण आहे?

मी बॅगेतून बॅटरी काढली आणि बाळाच्या तोंडावर मारली. शकूबाय किंचाळली. तेवढ्या दोन क्षणांत मला काय दिसलं ते सांगते. काळेभोर डोळे, बाळाने ते मिटले की नाही ते नीट कळलं नाही, आणि पायावर लेपाखालून डोकावणारी तपकिरी वळणं. ओवीची वळणं. मग शकूबायने बॅटरी माझ्या हातातून काढून घेतली.

"तुजी नात आंधळी झाली म्हणान आमच्या चेडवाकय तसांच म्हणतंस?" ती बोलून गेली. बोलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, पण शब्द तर गेला होता. मला राग येण्याऐवजी रडूच आलं. रेश्मा अंधारातून म्हणाली, "आये, मावशी इतक्या लांब इली ती भांडूक नाय." मग जरा थांबून, "माकाय भंय वाटता गो. ह्या काळोखात माकाच माजां पोर दिसना नाय."

औषध कुणाचं, मी विचारलं. साखळीच्या आबांचं. ते मूळचे कोरगावचेच, आता मुलाकडे साखळीला राहतात. नागिणीचं औषध त्यांच्या घराण्यात आहे. त्यांच्याकडे जाऊन रोग्याचं नाव आणि वय सांगायचं, ते पुडी देतात. रोग्याला न्यावं लागत नाही, आणि औषधाची गोष्ट फोनवर बोलायची नाही. शकूबाय बाळाच्या पाचव्या दिवशी बसने जाऊन पुडी घेऊन आली होती.

"म्हणजे त्यांनी बाळ पाहिलंच नाही?"

"बघूचां कित्याक? मियां सांगलां मा, नागीण म्हणान."

आबांनी पथ्य सोडलं तर तूही सोडशील का, एवढंच मी विचारलं. तिने शेगडीतले निखारे सारखे केले. मग म्हणाली, "तेंणी सांगल्यार सोडीन."

बुधवार, मये आणि साखळी

सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला. शकूबायने गरम उंडे घेतले आणि कालवणाबरोबर माझ्यापुढे ठेवले. आम्ही कोल्हापूरकर पावाला आजाऱ्याचं खाणं समजतो. इथे सकाळी पाव आला नाही तर घरातली माणसं आजारी दिसू लागतात. मी अर्धा उंडा कसाबसा संपवला.

म्हापशापर्यंत बस, तिथून अस्नोड्यावरून डिचोली. डिचोलीला रेश्माचा नवरा दत्ताराम यायचा होता, तो खाणीच्या मालाचा ट्रक चालवतो. तो काही दिसेना. शेवटी मयेला त्याच्या घरी जायला मी पायलट केला. गोव्यात भाड्याच्या मोटरसायकलवाल्याला पायलट म्हणतात. नाव ऐकून मला धीर आला होता, वाहन पाहून गेला. नऊवारी नसली तरी पाचवारी सावरत एका बाजूने बसले आणि मयेपर्यंत त्या माणसाचा शर्ट सोडला नाही. उतरल्यावर तो म्हणाला, "बाये, बटण गेलां माजां." भीतीचे एवढे प्रकार एका आठवड्यात मी पहिल्यांदाच पाहत होते.

मयेचं तळं खरोखर सुंदर आहे, तेवढं लिहून ठेवते. भोवती डोंगर आणि मध्ये हिरवट गार पाणी. लोक तिथे सहलीला येतात. मी पाहिलं आणि मनात आलं, ओवीला हे निम्मं दिसेल, कोरगावच्या पोरीला दिसेल की नाही कुणास ठाऊक. पुढे पाहवलं नाही.

दत्ताराम घरीच भेटला, त्याची गाडी पंक्चर होती. उंच, लाजरा मुलगा. त्याने बाळ अजून उजेडात पाहिलंच नव्हतं. मी मोबाईलवर ओवीचे फोटो दाखवले, फोडांचे, मग वळणांचे, मग डाव्या डोळ्याचा एक, त्यात बुबुळाच्या मागे पांढुरकं दिसतं. त्याने मोबाईल माझ्या हातात परत दिला आणि शेजाऱ्याची गाडी मागायला गेला.

साखळीपर्यंतच्या वाटेत मी आबांशी भांडायची तयारी करत होते. काय काय बोलायचं याची यादीच केली होती. बाजाराच्या मागच्या गल्लीत घर. आबा ओटीवर सुपारी कातरत बसलेले, ऐंशीच्या पुढचे, स्वच्छ पांढरा सदरा. मी नाव सांगितल्यावर माझ्या आईची चौकशी केली, ती गेल्याचं ऐकून अडकित्ता खाली ठेवला. मग मी मोबाईल पुढे केला. माझी यादी तशीच राहिली, कारण फोटो पाहून त्यांनीच मला प्रश्न केला.

"ह्यां दोनूय पायांक आसा?"

"दोन्ही पायांना. पाठीवर, पोटावर. कोरगावच्या बाळालाही तसंच."

"दोनूय बाजूंक," ते पुन्हा म्हणाले. "बाये, नागीण एकाच बगलेक जाता. अर्ध्या आंगाची शीव ती मोडना नाय. चाळीस वर्सां औषध दितंय, तोंड आणि शेपूट गावलेली एकय बघूक नाय मियां. लोक उगीच भियेतत. ही नागीण न्हय."

"मग अंधार कशाला सांगितलात?" माझा आवाज चढलाच.

"नागिणीचां पथ्य तां. माका नागीण म्हणान सांगलां, मियां नागिणीचां दिलां." त्यांनी मोबाईल माझ्याकडे परत दिला. "जल्मल्या पोराक नागीण म्हटल्यार मियांच इचारूक होयां होतां. तां चुकलां माजां. चुकलां."

 औषधाची गोष्ट फोनवर बोलायची नाही हा त्यांचाच नेम, तो त्यांनी तिथल्या तिथे मोडला. दत्तारामच्या मोबाईलवर कोरगावचा नंबर लावायला लावला आणि मोबाईल दोन्ही हातांनी धरून मोठ्याने बोलले, "शकू, लेप धुवन काड. खिडकी उघड. फाल्यां पोराक घेवन पणजेक जा. पाण्याचां पथ्य माजां होतां, तां मियां काडलां. तुका दोष नाय."

पलीकडून शकूबाय काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आबांनी नुसतं दोनदा "होय" म्हटलं.

गुरुवार, कोलवाळचा पूल आणि पणजी

कोलवाळच्या पुलावर दत्तारामने आणलेली गाडी चढली तेव्हा शकूबायने बाळाला पदराखाली घेतलं आणि डोळे मिटून पुटपुटत राहिली. मी तिला भित्री म्हणणार नाही. आबांनी पथ्य सोडलं तरी भीती थोडीच सोडून देता येते? पूल संपल्यावर तिने पदर काढून पाहिलं, बाळ झोपलेलं होतं. मांडवीच्या पुलावर तिने पुन्हा तेच केलं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बोलायला थोड्या. बाळाच्या डोळ्यांत थेंब घातले, वाट पाहिली, मग दुपट्यात घट्ट गुंडाळून पापण्यांना बारीक तारेची चाप लावली. कपाळाला दिवा बांधून, हातात भिंग धरून त्या वाकल्या. बाळ टाहो फोडत होतं. रेश्मा बाहेर गेली. मी मात्र डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत थांबले, कारण ओवीच्या वेळी तिच्या डॉक्टरांच्या तोंडावरूनच मला आधी कळलं होतं. या बाईंच्या तोंडावर काहीच उमटेना. एक डोळा, मग दुसरा, मग परत पहिला. 

"पडदा जागेवर आहे," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे."

मी रेश्माला आत हाक मारली.

"पण कडेला रक्तवाहिन्या नाहीत. डाव्या डोळ्यात कच्च्या नव्या फुटायला लागल्यात. आणखी दोनतीन आठवडे गेले असते तर मी काही करू शकले नसते. उद्या भूल देऊन लेझर करू. उजव्याची मला आशा आहे. डाव्याची खात्री देत नाही."

शुक्रवार, पणजी

लेझर झालं. अडीच तास लागले. ते अडीच तास मी लिहू शकत नाही, क्षमा करा. दत्ताराम जिन्याच्या पायरीवर बसून होता आणि कुणीही खाली आलं की उठून उभा राहत होता.

डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की दोन्ही डोळ्यांतल्या पडद्यांच्या कडा भाजून घेतल्या आहेत. आता दर आठवड्याला तपासायचं, मग पंधरवड्याला, मग महिन्याला, पुढे कित्येक वर्षं. एक खेप चुकली तरी तेवढ्यात पडदा सुटू शकतो. रेश्मा मान हलवत होती. शकूबाय मात्र म्हणाली, "दर आठवड्याक? दोन नद्यो ओलांडून? औषध झालां मा आता? एवढ्या तान्ह्याक असां हिंडवल्यार तां आजारी पडतलां." मी काही बोलणार तोच डॉक्टरांनी मला हाताने थांबवलं. कोरगावच्या घरात शकूबायचं चालतं. बाळंतीण आणि बाळ तिच्या हवाली होतं. ती नाही म्हणाली तर ही धडपड एका आठवड्यात वाया जाणार होती, आणि मला दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला परतायचं होतं. ओवीची तपासणी होती.

बाळ भुलीतून जागं होईपर्यंत घरातल्या बायकांचे डोळे पाहून घेते, असं डॉक्टर म्हणाल्या. रेश्माच्या उजव्या डोळ्यात कडेला जुना बारीक व्रण निघाला, नजर उत्तम. माझे दोन्ही ठीक. मग शकूबाय खुर्चीवर बसली. "माका कायेक नाय. सुयेत दोरो अजून मीच घालतंय," तिने आधीच सांगून टाकलं. डॉक्टरांनी तिच्या डाव्या डोळ्यावर काळा पुठ्ठा धरला. समोरच्या तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ तिने धडाधड वाचली आणि माझ्याकडे पाहिलं, बघ म्हणून.

मग डॉक्टरांनी पुठ्ठा उजव्या डोळ्यावर नेला.

शकूबाय थांबली. "लायट गेली," ती म्हणाली.

 वर पंखा फिरत होता.

"गेली मा गो सुमा, लायट?" तिने हात पुढे करून मला शोधलं. मी तिचा हात धरला. डॉक्टरांनी पुठ्ठा काढला. "हां, इली," ती म्हणाली. मग तिने आमच्या तोंडांकडे पाहिलं, हळूच आपला तळवा उचलून स्वतःच उजव्या डोळ्यावर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून आत पाहिलं. पडदा तान्हेपणीच सुटलेला, म्हणाल्या. या डोळ्याने तुम्ही कधी पाहिलेलंच नाही.

"पासष्ट वर्सां?" शकूबाय म्हणाली. "आणि माका कळूक कसां नाय?"

"दुसरा चांगला होता म्हणून."

 मला तिच्यासाठी भीती वाटत होती, आणि त्याच वेळी, सांगायला लाज वाटते, ओवीसाठी जरा बरंही वाटत होतं. हिने एका डोळ्यावर संसार केला, सुईत दोरा ओवला, बागा राखल्या. आतून बाळाचं रडं ऐकू आलं. शकूबायने पदराने दोन्ही डोळे पुसले, न दिसणाराही, आणि डॉक्टरांना पुढच्या खेपेचा वार विचारला,

"खंयच्या वाराक हाडूचां तेका?"